अकरा वीसची नोंद

अर्जदार: मी स्वतः, अर्जनवीस, राहणार पुंडलिकनगर.
ठिकाण: क्रांती चौकाजवळील एक सरकारी कार्यालय. सोमवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे.
साक्षीदार: शांताबाई, राहणार पैठण. पतीच्या मृत्यूची नोंद व्हावी म्हणून माझ्याकडून अर्ज लिहून घेऊन आलेल्या.

"सकाळीच टाकून आलात का, अर्जनवीस?" साहेब भरल्या कार्यालयात म्हणाले. लिपिक हसला.

मी थेंबही घेत नाही. प्रत्येक अर्जावर सादर केल्याची वेळ स्वहस्ते लिहिणे हा माझा बावीस वर्षांचा शिरस्ता. शांताबाईंच्या अर्जावर ती लिहिताना शेवटचे शून्य कागदाबाहेर घसरत गेले. पेन पडले. उजवा हात लोंबला. 'महोदय, मी पूर्ण शुद्धीत आहे' हे वाक्य आत सिद्ध होते. बाहेर आली ती लाळ.

साहेबांनी लिपिकाकडून माझ्या नावे माफीनामा लिहवून घेतला: मद्यप्राशन करून कार्यालयात आलो. लिपिकाने माझा निर्जीव अंगठा धरून शाईच्या पॅडवर दाबला. असे कितीतरी अंगठे मी स्वतः दाबून घेतले आहेत. मजकूर वाचून न दाखवता. ते तेव्हा आठवले. डाव्या हाताने मी पॅड भिरकावले; शाई टेबलावरच्या अर्जावर सांडली.

शिपाई लिंबूपाणी घेऊन आला. शांताबाई आडव्या आल्या.

"काय बी पाजू नका, ठसका लागंल. काका, हसा बरं. आता दोन्ही हात वर करा."

तोंड एकाच बाजूने हसले. एकच हात वर गेला.

"दारू नाय ही. माझ्या मालकाला असंच झालं, अन् आम्ही लिंबूच पाजत बसलो. गाडी बोलवा."

"बाई, तुमचं काम करून घ्यायचंय ना?" लिपिक म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या काम." त्यांनी टेबलावरचा अर्ज उचलला.

रुग्णालयात डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न: "नेमकं किती वाजता सुरू झालं?" मी मुका. शांताबाईंनी अर्ज पुढे केला. घसरलेले शून्य पाहून डॉक्टर म्हणाले, "अजून वेळ आहे, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येईल."

वाचा परतली. उजवा हात नाही. हे डाव्या हाताने लिहिले आहे.

सबब विनंती की, शाई सांडलेला तोच अर्ज सोबत आहे, तो सोमवारी अकरा वीसलाच दाखल धरावा. वाकडे तोंड, लोंबता हात, अडखळती वाचा, ही लक्षणे लिहून साहेबांच्या दारावर लावावीत. मला दारुडा कशावरून ठरवले, त्याचा खुलासा लेखी द्यावा.

यापुढे वाचून दाखविल्याशिवाय मी कोणाचाही अंगठा घेणार नाही. आणि उत्तर हाती पडेपर्यंत रोज अकरा वीसला त्याच टेबलासमोर उभा राहीन.