झिजलेल्या नळ्या

नळदुर्गला हायवेच्या कडेला लेथ चालवणारा हा माणूस मी कधी शांत पाहिलेला नाही. गिऱ्हाइकानं "साधारण एवढा" म्हटलं की तो मशीन बंद करतो. "साधारण मीठ टाकतेत भाजीत. माप सांगा."

मोबाइलवर तो एक खेळ खेळतो. त्यात प्रत्येक खेळाडू एक काल्पनिक देश चालवतो. याच्या देशाकडं एक युद्धनौका होती, तिच्यावर शेहेचाळीस सेंटिमीटर तोंडाच्या तोफा. इतिहासात जहाजावर याहून मोठी तोफ चढली नाही, म्हणून यानंही चढवली नाही. शेजारचा चहावाला विचारायचा, "मालक, बोरी नदीत तरंगल का तुमचं जहाज?" हा उत्तर देत नसे, पाना आपटत असे.

गेल्या महिन्यात युद्ध जिंकायच्या बेतात असताना त्यानं खेळाच्या ग्रुपवर स्वतःहून लिहिलं, की इतके गोळे डागल्यावर खऱ्या तोफेची नळी झिजते. माझ्या झिजल्या, मी तोफा थांबवतो. खेळात असा नियम नव्हता. मीटरभर तोंडाच्या तोफा लावलेल्या शत्रूनं हसरे चेहरे पाठवले आणि राजधानी घेतली. चार वर्षं उभारलेला देश गेला.

"न सांगता कुणाला कळलं असतं?" मी विचारलं.

मी दुरुस्तीला आणलेला पंपाचा शाफ्ट त्यानं उचलून टेबलावर आदळला.

"ह्यो बेअरिंगखाली झिजलाय. बसवल्यावर दिसत न्हाय. देऊ का तसाच बसवून?"

मी शाफ्टवरून बोट फिरवून पाहिलं.

"बोला की. कुणाला कळतंय?"