जेठ नावाचा दांडा

काल तू कॉम्प्युटरवर चिडला ना बेटा? "आजी, याला खिडकी म्हणतात आन यातून काहीच दिसत नाही. बंद करायचं तर 'सुरू'वर जावं लागतं. कोणी ठेवली ही नावं!" मला हसू नाही आलं. मला लोटनभाऊ आठवला. घे, लिही त्याचं.

मी तेव्हा नवी सून. लोणखेड्याहून शहाद्याला पायी जायची, हीरालालशेठच्या जीनवर, कापसाच्या कारखान्यात. कापसातून सरकी काढायचे वीस रेचे, त्यांच्यावर आम्ही वीस बाया. सगळे रेचे पट्ट्यांनी एकाच इंजिनाला बांधलेले आन ते इंजिन लोटनभाऊच्या हातात. त्याला अक्षर येत नव्हतं, माझ्यासारखंच. पण इंजिन नुसतं खोकललं तरी सांगायचा, कुठं दुखतं ते.

नावं त्यानंच ठेवलेली. मोठं चाक म्हणजे सासू. म्हणायचा, "चालू व्हवाले येळ लागस, आन एकदाव चालू जायनी का थांबस नही!" भिंतीजवळ एक लांब दांडा होता, तो ओढला की सगळे रेचे गप्प. तो जेठ. नवऱ्याचा मोठा भाऊ घरात आला की आम्ही सुना पदर ओढून अशाच गप्प व्हायचो ना! कोणाचं काही अडकलं की बाई ओरडायची, "जेठ उना वं!" जेठ आला. सगळ्या हात मागं घ्यायच्या आन लोटनभाऊ दांड्याला लटकायचा. सात वर्षं कोणाचं नखसुद्धा गेलं नाही.

महाराष्ट्र झाला, त्याच्या दुसऱ्या साली शेठनं शिकलेला मॅनेजर आणला. त्यानं जिथं तिथं पाट्या लावल्या. दांड्यावर लिहिलं, 'गतिस्थगन तरफ'. रोज सकाळी आम्हाला उभं करून शाळेतल्या पोरांसारखं म्हणायला लावायचा. लोटनभाऊला विचारलं, "हे काय आहे?"

"जेठ, सायेब."

"कोणाचा जेठ?"

"समदासना!"

आम्ही फसकन हसलो. मॅनेजर नाही हसला. "हा कारखाना आहे, तुझी भाऊबंदकी नाही. चार दिवसांत नावं पाठ कर."

चार दिवस बिचारा वाटेनं पुटपुटत गेला. पाचव्या दिवशी हात जोडले. "सायेब, मन्हा डोया बांधी द्या, जे सांगशात ते करी दाखाडसू. पन नाव नका ईचारू."

त्याला अंगणात गाठोडी उचलायला लावलं. दांड्यापाशी करणसिंग आला, वाचता येणारा. आन जुनं नाव जिच्या तोंडात आलं, ती दिवसभर फाटकाबाहेर. मी दोनदा उभी राहिले.

मग एका दुपारी माझ्या शेजारच्या फुलीबाईची बाही रेच्यात गेली. तिच्याआधी मी पाहिलं. 'जेठ' ओठावर आला होता बेटा, आन मी तो गिळला. मला फाटक आठवलं. मी ते दुसरं नाव शोधत बसले. "ग... गति..." करणसिंग माझ्या तोंडाकडं पाहत उभा, बाई काय म्हणते म्हणून. तेवढ्यात फुलीबाई किंचाळली. लोटनभाऊ अंगणातून पळत आला, करणसिंगला ढकलून दांड्याला लटकला. रेचे थांबले. तिचा हात मनगटापर्यंत गेला होता.

मॅनेजरनं कागद केला. शेजारच्या बाईनं, म्हणजे मी, योग्य नाव घेऊन सूचना दिली नाही, आन लोटननं परवानगी नसताना यंत्राला हात लावला. खाली माझा अंगठा घेतला. वाचून दाखवला होता कागद. तरी दिला मी.

लोटनभाऊला काढलं. तो म्हसावदकडं ऊस तोडायला गेला. वर्षानं बाजारात भेटला तेव्हा मी सगळं सांगितलं, रडले. तो म्हणे, "तुन्हा काय दोष वं? जेठनं नाव सूननी घेवानं नही, हाई तर रीतच शे ना." मस्करीच होती त्याची. पण हसला नाही, आन परत माझ्याशी बोललाही नाही.

फुलीबाई मरेपर्यंत एका हातानं भाकरी थापायची. एका बाजूनं जाड, एका बाजूनं फाटलेली.

गतिस्थगन तरफ. ऐकलं? आता बघ कसं एका दमात येतं.