बाबांची गोळी आणि माझी सुई

एसटी हलली तरी बाबांनी खिडकीची दांडी सोडली नव्हती. गाडीसोबत चार पावलं चालत ते म्हणाले, "जाय माय, शिकून ये लवकर. मंग माह्या गोळ्या सुटतील एकदाच्या." मुलचेऱ्याच्या स्टँडवर आई पदरानं डोळे पुसत उभी होती. "पोचली की फोन करजो वं!" ती मागून ओरडली. माझ्या मांडीवर लाखोळीच्या डाळीच्या वड्यांचा डबा होता. आष्टीच्या रस्त्याला लागेपर्यंत खाणीच्या ट्रकांच्या लाल धुळीनं डबाही लाल झाला आणि मीही.

गावातल्या माझ्या माणसांनो, आणि गाव सोडून हैदराबादला, सुरतेला, पुण्याला गेलेल्या सगळ्यांनो, निघताना घरचं माणूस शेवटचं काय बोललं, ते आपल्यातल्या प्रत्येकाला पाठ असतं. कुणाला 'जेवजो टायमावर' ऐकायला मिळालं, कुणाला 'भांडू नको कोणाशी'. मला मिळाल्या बाबांच्या गोळ्या.

बाबांना बीपी आहे. शिवाय सारा जन्म धानाच्या बांधीत वाकून रोवणी केल्यानं गुडघे कामातून गेलेले. पुण्यात माझ्या मावशीचा आखडलेला खांदा अॅक्युपंक्चरनं मोकळा झाला, तिनंच त्या कोर्सचं कळवलं, आणि चंद्रपूरहून बी.एस्सी. होऊन घरी बसलेली मी निघाले. बाबांनी गावभर सांगून टाकलं, "पोरगी सुईनं रोग काढाचं शिकून राह्यली." आता त्यांना आवरणार कोण?

पुण्यात पहिले काही महिने माझं 'मले-तुले' ऐकून वर्गातल्या पोरी हसायच्या. मी पण त्यांच्या 'अगं बाई'ला हसायची, फिटंफाट. खरा वैताग वेगळाच होता. आम्हाला कधी एकदा सुया हातात मिळतात असं झालेलं, आणि मॅडम शिकवायच्या काय, तर बीपी, शुगर, थायरॉइड, दमा, आणि त्यांवरची औषधं. मॅडम स्वतः एमबीबीएस. कुणी कुरकुर केली की म्हणायच्या, "पेशंट तुमच्याकडे एकटा येत नाही. त्याचे आजार आणि त्याच्या गोळ्या घेऊन येतो. आधी त्यांची ओळख करून घ्या." रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सुई टोचल्यावर रक्त लवकर थांबत नाही. जुन्या शुगरवाल्याच्या पायाला टोचलेलं कळत नाही, जखम चिघळते. पेसमेकर असेल तर सुईला करंट जोडायचा नाही. ताप दिसला की आधी रक्त तपासायला पाठवायचं. हे शेवटचं ऐकून मला हसू आलं, कारण आमच्याकडं मलेरियासाठी बोट टोचून घेत घेतच पोरं मोठी होतात.

एके दिवशी मॅडमनी फळ्यावर लिहिलं, अॅम्लोडिपिन. अरे, ही तर बाबांची गोळी! घरी भिंतीतल्या कोनाड्यात, आरशामागे खोचलेली पट्टी डोळ्यांपुढं आली. ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते, त्यामुळं दाब उतरतो, पण काहींचे पाय सुजतात, असं मॅडम सांगत होत्या. "पाय सुजले तर गोळी सोडायची नाही. डॉक्टरला सांगायचं, ते बदलून देतात. आणि एक लक्षात ठेवा. सुई तुमची आहे, पेशंटची गोळी तुमची नाही. ती बंद करा म्हणायचा हक्क तुम्हाला नाही." मी मान हलवली. परीक्षेत यावर लिहून मार्कही मिळवले.

कोर्स संपला आणि दिवाळीनंतरच्या मंडईला मी गावी आले. मंडई म्हणजे आमच्याकडं सासुरवाशिणी, जावई, पाहुणे, सगळे गोळा. नाटकाचा मंडप पडलेला, घरोघरी कोंबडं शिजत असलेलं. मी आंघोळ करून बाहेर येते तर काय, अंगणात खाट टाकलेली, त्यावर धुतलेली चादर, आणि भोवती निम्मं गाव बसलेलं. बाबा नवीन शर्ट घालून खाटेवर. "बसा भाऊ, बसा बाई. पयला नंबर माहा," ते सगळ्यांना सांगत होते.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी थाटात मशीन काढलं आणि त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा पाहिला. पुन्हा मोजलं, तोच. वरचा आकडा दोनशेच्या जवळ.

"बाबा, सकाळची गोळी घेतली का?"

"कायले घेऊ? बंद केली ना." ते पाहुण्यांकडं बघून हसले. "डॉक्टरीण घरी येऊन राह्यली होती, मंग गोळी काऊन खाऊ? पाय सुजून राह्यले होते त्या गोळीनं. उरलेल्या पार्बताबाईले देल्या. तिच्या सरल्या होत्या."

शेजारच्या पार्बताबाईनं कौतुकानं मान डोलावली. आमच्या गावात विरजण मागावं तशी गोळी मागतात, हे मी पुण्यात विसरूनच गेले होते.

मॅडमचं वाक्य कानात वाजत होतं, पण समोर माझा बाप होता आणि सारं गाव बघत होतं. माझ्या भरवशावर त्यांनी गोळी सोडली होती. एक सुई टोचली असती तरी ते खूश झाले असते, आणि गोळी मात्र कायमची सुटली असती. मी पट्टा सोडला.

"बाबा, मी सुई लावणार नाही. माझ्या सुईनं तुमची गोळी सुटत नाही. आत्ता दवाखान्यात चला."

बाबांचा चेहरा असा उतरला की मला रडू फुटलं. "इतक्या दूर जाऊन मंग काय शिकली तू?" ते हळूच म्हणाले.

"हेच शिकले, बाबा," मी म्हटलं आणि भावाला मोटरसायकल काढायला लावली. पार्बताबाईलाही दम भरला, ती पट्टी परत घेतली आणि तिला स्वतःची गोळी आणायला धाडलं.

प्राथमिक आरोग्य केंद्रात, नशीब, डॉक्टर होते. त्यांनी बाबांना निजवून ठेवलं, पुन्हा पुन्हा दाब मोजला, सुजलेले पाय बोटानं दाबून पाहिले आणि गोळी बदलून दिली. "आज आणलं ते बरं केलं. असं अंगावर काढलं की एखाद्या दिवशी हात-पाय लुळे पडतात, वाचा जाते," ते बाबांना म्हणाले. मी कामासाठी पुन्हा पुण्याला निघाले तेव्हाही बाबा स्टँडवर आले, पण खिडकीची दांडी धरली नाही. मावशीच्या घरी पोचेपर्यंत मी रडतच होते.

उन्हाळ्यात, मोहफुलं वेचायच्या दिवसांत पुन्हा गेले. खाट तीच, चादर तीच. मी काही बोलायच्या आत बाबांनी बाही वर सारून हात पुढं केला आणि खिशातून नव्या गोळीची पट्टी काढून दाखवली. पाय उतरले होते, आकडा ठिकाणावर होता. मग मी त्यांच्या गुडघ्यांना सुया लावल्या. डोळे मिटून पडल्या पडल्या ते रांगेतल्यांना दटावत होते, "गडबड नोको करू. पयले मशीन, मंग आपापली गोळी दाखवा, मंग सुई. तसा कायदा हाये तिचा." दुसऱ्या दिवशी ते काठी न घेता बोडीच्या तळ्यापर्यंत जाऊन आले. गोळी चालूच आहे.

आता मी पुण्यातच एका लहानशा क्लिनिकमध्ये बसते. कुणी विचारलं, घर कुठलं, तर पूर्वी मी मुलचेरा म्हणायची आणि मग नकाशा समजवत बसायची. आता मनात वेगळंच उत्तर येतं. मी गाव सोडलं तेव्हा पोचले की घरी फोन करायची माझी पाळी होती. आता रोज सकाळी, पहिला पेशंट यायच्या आधी माझा फोन वाजतो. बाबा हालहवाल विचारत नाहीत, हवापाणी सांगत नाहीत.

"जयभीम बेटा. घेतली."

एवढंच म्हणतात आणि फोन ठेवतात. माझं घर तेवढ्यात येऊन जातं.