नामदेवदादाची भाकर

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगतोय — कशापायी, ते मलाही नीट माहीत नाही.

लॉकडाऊन होतं. धारूरकडच्या आमच्या गावाच्या तोंडाला बाभळीच्या काट्या लावलेल्या. मी दूध सोसायटीची गाडी चालवायचो, म्हणून मला पास होता. रोज सकाळी दूध घेऊन अंबाजोगाईला. आणि तुम्ही हसाल — पण रोज जाऊनही मला अंबाजोगाईची लई आठवण यायची! स्टँडवरचा गलका, न्हाव्याच्या दुकानातल्या रिकामटेकड्या गप्पा, बाजारात लागणारे धक्के — सगळं बंद. नुसत्या शटरांकडं बघत गाडी हाणायची. जीव आंबून गेला होता.

शेजारच्या भामावहिनीचे मालक, नामदेवदादा, तिथंच दवाखान्यात भरती होते. आत कुणाला सोडत नव्हते. गेटवर डबा द्यायचा, पेशंटचं नाव सांगायचं, आतला माणूस नेणार. वहिनी पहाटे उठून ज्वारीची भाकर नि शेंगदाण्याचा ठेचा फडक्यात बांधायच्या. "भावजी, तेवढं पोचवा. तिथलं त्यान्ला गिळत न्हाई."

याच दादांनी दुष्काळात, मी पोटापाण्याला बाहेर होतो तेव्हा, चारा छावणीत आपल्या बैलांशेजारी माझ्या दोन म्हशी बांधल्या, जगवल्या. त्या म्हशींच्या दुधावर मी सोसायटीत शिरलो. त्यातूनच पुढं ही गाडी.

पहिल्या दिवशी खरंच पोचवणार होतो. पण एका हॉटेलवाल्यानं मागचं दार उघडं ठेवलं होतं. आत चार टाळकी, कडक चहा, शिव्या, हसणं. वाटलं — एक कप घ्यावा नि निघावं. बसलो. पासाची वेळ संपत आली तेव्हा कुठं उठलो. गेटवर ही रांग. फडकं तसंच गाडीत राहिलं.

घरी आलो तर वहिनी दारातच. "खाल्लं का वो त्यांनी?"

मी म्हणालो — सगळं खाल्लं.

बस. तिथंच मेलो मी. दुसऱ्या दिवशीही गेटवर गेलो नाही. रोगाची भीती वाटली म्हणावं, तर मग त्या कोंदट खोलीत मांडीला मांडी लावून बसताना ती कुठं गेलती? नंतर तर मीच फडकं सोडून मध्ये ठेवायचो. हॉटेलातल्या त्या पोरांना ठेचा आवडायला लागला होता. आणि मी? मीही खात होतो. संध्याकाळी रिकामं फडकं परत द्यायचो, वर पदरचं जोडायचो — नर्सबाई सांगत होत्या, दादा मिटक्या मारत जेवले. वहिनीचं तोंड उजळायचं.

दादा गेले. दवाखान्यातनं परत आलेच नाहीत.

वहिनी अजून आल्यागेल्याला सांगतात, "शेवटपोत्तर माज्या हातची भाकर खाल्ली त्यांनी. भावजींनी एक दिस चुकवला न्हाई." गाव मला मान देतं.

वर्षश्राद्धाला त्यांनी पहिलं ताट माझ्यापुढं ठेवलं. बाकी सगळं होतंच, पण कडेला भाकर नि ठेचाही होता — दादांना आवडायचा म्हणून. मी खाली मान घालून जेवत होतो. वहिनी पुन्हा वाढायला आल्या. मी नको म्हणालो नाही.