मामांचा पंप आणि माझा गाढवपणा

माझ्या मामेसासऱ्यांइतका बिघाडावर प्रेम करणारा माणूस अख्ख्या पुण्यात सापडायचा नाही. वस्तू सुरळीत चालत असली की मामा उदास. तिनं जरा कुरकुर केली की यांच्या अंगात वारं शिरलंच म्हणून समजा. वारज्यात त्यांच्या घरामागे विहीर आहे, तिच्या कडेला पंप, आणि त्या पाण्यावर मामांची बाग. आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवल्यामुळे पंपाचं दुखणंही ते प्रमेयासारखं सोडवतात. एकदा नुसता फ्यूज उडाला होता, तर पंपाच्या खोलीतल्या भिंतीवर खडूनं पक्ष, साध्य आणि सिद्धता लिहून झाल्याशिवाय त्यांनी तो बदलू दिला नाही. मामी आतून म्हणाल्या, "सिद्ध होईपर्यंत मिरच्यांनी काय तहानलेलं राहायचं?" मामा म्हणाले, "त्यांना सांग, शेवटची ओळ राहिलीय."

यंदा मे महिन्यात त्यांचा फोन आला तो लग्न ठरल्यासारख्या आनंदात. "जावईबापू, पंप फिरतोय आणि पाणी येत नाहीये! या लवकर!" पण या वेळी प्रकरण गमतीचं नव्हतं. मामांचा मुलगा बिबवेवाडीला राहतो. बाबांना हल्ली विसरायला होतं, या वयात विहिरीच्या काठाशी खटपट नको, असं त्याचं मत. विहीर कायमची बंद करून दोघांना आपल्या फ्लॅटवर न्यायचं, हे ठरवायला तो त्याच दिवशी येणार होता. वारज्याला पोचल्यावर मी तो विषय काढला, तर मामा म्हणाले, "चौथ्या मजल्यावर मी काय करू? कुंडीत उभा राहू?" आणि लगेच पंपाकडे वळले.

हातात दाढीचा ब्रश होता. पाइपाच्या प्रत्येक सांध्याला ते फेस लावत होते. कुठून हवा आत ओढली जात असेल तर फेस आत जातो म्हणे. फेस जागचा हलला नाही. "हवा निर्दोष!" असं ओरडून त्यांनी भिंतीवर फुली मारली. मग कपॅसिटर, मग पंपाच्या आतलं चक्र. सगळं ठणठणीत! फुल्या वाढतील तसे मामा खुलत गेले आणि मलाही चेव आला. तेवढ्यात मुलगा आला. "मेकॅनिकला का नाही बोलावलंत?" असं विचारता विचारता त्यानंही बाह्या सरसावल्या. आता उरलं होतं फक्त पाण्यात बुडालेलं पाइपाचं तोंड. आम्ही तिघांनी जोर लावून पाइप वर ओढला.

त्या तोंडाच्या जाळीला एक पंचा घट्ट बांधलेला होता, स्वयंपाकघरातल्या नळाला गाळणं म्हणून फडकं बांधतात तसा. वर गाळाचा हा एवढा थर!

"सापडलं!" मामांनी टाळ्या पिटल्या. मग भुवया चढल्या. "पण हा गाढवपणा केला कुणी?"

एप्रिलमध्ये पाणी गढूळ येत होतं, तेव्हा तो पंचा मामांनीच बांधला होता. पाइप मी धरला होता. त्यांना त्यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. मुलगा त्यांच्याकडे बघत होता.

"मी बांधला, मामा," मी म्हणालो.

मग काय विचारता! मामांनी मला ढ विद्यार्थ्यासारखं झापलं. "अहो, विहीर आहे ती, मोरीतला नळ नव्हे! एवढे शिकलात ते कशासाठी?" पाइप पुन्हा आत सोडला, पंपात पाणी भरलं, मुलानं बटण दाबलं आणि पाणी असं उसळलं की आम्ही तिघंही भिजलो. मुलगा हसत म्हणाला, "राहू दे विहीर, बाबा. पण यांना हात लावू देऊ नका."

"छे, यांना लांबच ठेवतो," मामा खूश होऊन म्हणाले.

निघताना मामी फाटकापर्यंत आल्या. पंचा त्यांनी ओळखला होता. "यांचं बोलणं मनाला लावून घेऊ नका हं," त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज जरा ओला झाला. मनाला कसलं लावून घेतोय? मला मामांची अशी बोलणी अजून पुष्कळ वर्षं खायची आहेत.