बिडबेडी
मेटगळ्ळीतल्या बाबांच्या शेडचं कुलूप काढलं आणि गंजलेल्या बोल्टवर मारायच्या तेलाचा वास अंगावर आला. तो दिवस आठवला; तेव्हा माझ्या लग्नाचं पहिलंच वर्ष होतं. गाडीत इंजिन इतकं कोंबलेलं, की वरून धड हात जाईना; म्हणून बाबा गाडीखाली झोपून धुराच्या नळ्यांचं नवं हेडर बसवत होते आणि माझा साताऱ्याचा नवरा वरून ते जड धूड धरून उभा होता. एरवी त्याच्याशी मराठीच बोलणारे बाबा घाईत ओरडले, "बिडबेडी!" म्हणजे सोडू नका. पण 'बिडी' म्हणजे सोडा, एवढंच कन्नड त्याला येत होतं. त्याने सोडलं. बाबांची दोन बोटं चिरडली. त्यानंतर ते त्याच्याशी चुकूनही कन्नड बोलले नाहीत. परवा आयसीयूत मात्र त्याचा हात धरून तेच पुटपुटले. या वेळी त्याने सोडला नाही. बाबांचा हात गार पडल्यावर मीच तो सोडवला.