तुकड्यावरची शाबासकी

गाईड सरांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

मी पुण्यात पीएचडी करत होते. एका मोठ्या प्रथिनाला औषधाचा रेणू चिकटतो का, एवढंच पाहायचं होतं. पण अख्खं प्रथिन हाती लागेना. जिवाणूंमध्ये तयार होता होताच त्याच्या गुठळ्या व्हायच्या. मग सरांनी त्यातला रेणू धरणारा तुकडा तेवढा वेगळा काढला. रेणू त्याला असा घट्ट बसला, की सरांनी लॅबभर पेढे वाटले.

मला राहवेना. मी जिवाणू थंडीत, हळूहळू वाढवले, चार महिने खपले आणि अख्खं प्रथिन काढलं. त्याला रेणू चिकटेचना. अख्ख्या प्रथिनाची शेपटी नेमकी रेणू बसायच्या खाचेवर येऊन बसते, रेणूला शिरायला जागाच उरत नाही. तुरीचा सोललेला दाणा बोटाला लागतो, शेंगेतला लागत नाही, इतकी साधी गोष्ट.

सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हे वाशिमचे हात. नांगर धरणारे. यात प्रथिन नासणारच." सगळे हसले. लेख तुकड्यावरच छापला, पण नाव दिलं अख्ख्या प्रथिनाचं. त्यातून माझं नाव खोडलं. माझी पीएचडी अर्धीच राहिली. वाशिमजवळच्या माझ्या गावी, शिरपूर जैनला परत येऊन मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवू लागले. पोरगी डॉक्टर होणार, असं वडिलांनी गावभर सांगून ठेवलं होतं. ते पारावर जायचेच बंद झाले. ते मी कसं विसरू?

परवा मधल्या सुट्टीत सरांचा फोन आला. सात वर्षांनी.

"बेटा, परदेशातल्या एका लॅबनं आपला लेख चुकीचा ठरवलाय म्हणे. अख्खं प्रथिन काढलंय त्यांनी. मी अजून वाचलं नाही, कानावर आलं. तू तेव्हा कसं काढलं होतंस? सांग, पुढच्या लेखात तुझं नाव पहिलं टाकतो."

माझं नाव खोडताना तो 'आपला' लेख नव्हता.

"काहून सर, या हातानं तं नासते ना?"

"ते जुनं झालं, बेटा. पद्धत तेवढी सांग."

"त्याईले ते कसं काढाचं, हे मीच कळवलं होतं. लेख उघडून पाहा. लेखकाईच्या यादीत माहं नाव दुसऱ्या नंबरवर आहे."

मी फोन ठेवला नाही. ते वाचत असताना त्यांचा श्वास कसा होतो, ते मला ऐकायचं होतं. घंटा होईपर्यंत ऐकला.